वीरगळापासून शौर्यपदकापर्यंत : कोल्हापूरच्या एका सेनानीची दोन पदके

रणांगणावरील पराक्रमाची नोंद समाजाने कशी ठेवली, हा प्रश्न कोल्हापूर परिसरापुरता विचारला, तरी त्याचे उत्तर अनेक शतकांवर पसरलेले आढळते. पंचगंगा, भोगावती आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांत देवळाच्या आवारात, तळ्याच्या काठी किंवा वेशीपाशी उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव शिलापट, ही त्या नोंदीची सर्वांत जुनी आणि सहज दिसणारी रूपे होत. त्यानंतर मराठेशाहीतील मानपान, इनामे आणि किताब आले, त्यामागोमाग कंपनी सरकारची आणि ब्रिटिश राजवटीची पदके आली, आणि शेवटी स्वतंत्र भारताची चक्रे आली. या प्रत्येक रूपामागे सन्मान देणाऱ्या सत्तेची शौर्याविषयीची स्वतःची कल्पना होती, आणि शौर्य कोणाकडून अपेक्षित आहे, याविषयीचा तिचा निवाडाही होता. कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे १२ ऑगस्ट १९०६ रोजी जन्मलेले लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांना मिळालेली दोन शौर्यपदके या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत. कारण त्यांपैकी एक परकीय सत्तेने समोरासमोरच्या लढाईसाठी दिले, तर दुसरे स्वतंत्र भारताने शस्त्र आवरून दाखवलेल्या धैर्यासाठी दिले, आणि दोन्ही पदके एकत्र वाचली असता एका व्यक्तीच्या कर्तबगारीइतकाच एका सैन्याच्या स्थित्यंतराचा इतिहासही त्यांत सापडतो.

वीरगळाची मांडणी ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत लढाईचा, बहुधा गावची गुरे पळवणाऱ्यांशी झालेल्या झुंजीचा देखावा असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला स्वर्गाकडे नेताना दिसतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात, ज्यांचा अर्थ ही कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी असा आहे. शिलाहार राजवटीशी संबंध सांगणाऱ्या करवीर तालुक्यातील बीड या गावी असे वीरगळ आजही पाहावयास मिळतात. त्यांतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बहुसंख्य वीरगळांवर वीराचे नाव कोरलेले नसते. ते नाव गावाला ठाऊक असे, आणि गावाच्या स्मृतीतून ते पुसले गेल्यावरही दगडावरची कृती मात्र स्पष्ट राही. सन्मान नावाचा नसून कृतीचा आहे, आणि तो राजाने नव्हे तर गावाने दिलेला आहे, हे या परंपरेचे सार होते.

मराठेशाहीत ही नोंद राजदरबाराकडे आली आणि तिला मानाचे, किताबाचे व द्रव्याचे रूप मिळाले. कोल्हापूरच्या भूमीशी जोडलेले दोन प्रसंग येथे उदाहरणादाखल पुरेसे आहेत. १३ जुलै १६६० रोजी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणाऱ्या शिवाजी महाराजांच्या पाठलागावर आलेल्या आदिलशाही फौजेला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी खिंडीत अडवून धरले, आणि या झुंजीबद्दल दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, म्हणजे मानकऱ्यांच्या ओळीतील अग्रक्रमाचा हक्क, जेधे घराण्याकडून बांदलांकडे आला, असे परंपरा सांगते. अंगावर मिरवण्याची वस्तू येथे नव्हती. सभेत कोणी कोणाच्या आधी यावे, हा क्रमच सन्मानाचे चिन्ह होता, आणि तो एका माणसाला न मिळता साऱ्या घराण्याला व त्याच्या जमावाला मिळाला. दुसरे उदाहरण प्रतापरावांचे आहे. कुडतोजी गुजर यांना सरनौबतीबरोबर मिळालेला ‘प्रतापराव’ हा किताब त्यांच्या मूळ नावाला झाकून टाकण्याइतका मोठा ठरला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीजवळ अवघ्या सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर झडप घालताना त्यांना आलेल्या मृत्यूने त्या किताबाला कायमचा अर्थ दिला.

मान आणि किताब यांच्या जोडीला रोख बक्षीस, पोशाख, सोन्याचे कडे आणि जमिनीचे इनाम ही बक्षिसाची रूपे होती. तथापि जमीन देऊन शौर्याची परतफेड करण्यातील धोका राज्यकर्त्यांना कळत होता. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापूरच्या गादीच्या सेवेत असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात वतने व इनामे सढळ हाताने वाटल्यास राज्य क्षीण होते, अशा आशयाचा स्पष्ट इशारा आहे. या इशाऱ्याची दुसरी बाजू १८४४ मध्ये दिसून आली. पन्हाळा, सामानगड, भुदरगड अशा किल्ल्यांवर वंशपरंपरेने चाकरी करणारे गडकरी जमिनीच्या उत्पन्नावर जगत असत, आणि कोल्हापूर संस्थानात कंपनीच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या नव्या महसुली कारभाराने त्या जमिनींनाच हात घातल्यावर त्यांनी उठाव केला. उठाव मोडल्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची जुनी चाकरी संपली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पगारी स्थानिक पायदळ उभे राहिले. जमिनीशी बांधलेला शिपाई जाऊन पगारी शिपाई आला, आणि त्याच्या पराक्रमाची नोंद ठेवण्यासाठी जमिनीऐवजी दुसरे काहीतरी चिन्ह लागणार, हे त्यातूनच ठरून गेले.

ते चिन्ह म्हणजे धातूचे पदक होय. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये हिंदी सैनिकांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचा सन्मान सुरू केला, जो पुढे ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणून ओळखला गेला. त्याचे तीन वर्ग होते. तिसरा वर्ग मिळाल्याशिवाय दुसरा आणि दुसरा मिळाल्याशिवाय पहिला मिळत नसे, आणि वर्गानुसार शिपायाच्या पगारात अनुक्रमे एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण पगाराइतकी भर पडत असे. पदकाबरोबर येणारी ही पगारवाढ गावाकडील कुटुंबाच्या दृष्टीने पदकाइतकीच मोलाची होती. ब्रिटिश सैनिकांसाठी १८५६ मध्ये स्थापन झालेला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा सर्वोच्च सन्मान मात्र हिंदी शिपायाला १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. त्या वर्षीच्या दिल्ली दरबारात ती मनाई उठली. एकाच खंदकात, एकाच गोळीबाराला तोंड देणाऱ्या दोन सैनिकांच्या शौर्याला वंशानुसार वेगवेगळी नावे असावीत, ही व्यवस्था अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली, आणि शौर्याचे मोजमाप कधीच केवळ शौर्याचे नसते, हे तिने उघड केले.

पहिल्या महायुद्धात कोल्हापूर, सातारा आणि कोकण या पट्ट्यातील हजारो मराठी शिपाई मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर लढले. कुट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या वेढ्यात मराठा पलटणींची उपासमार झाली, तर ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीला एकाच कारवाईबद्दल २८ शौर्यपदके मिळाली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी या युद्धात सैन्यभरतीला पाठिंबा दिला आणि युद्धानंतर मराठा सैनिकांच्या बलिदानाची सार्वजनिक नोंद व्हावी म्हणून पुढाकार घेतला. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवाजी स्मारकाची आणि त्याचबरोबर मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसवण्यात आली, ती या प्रयत्नांची परिणती होती. मेसोपोटेमियातील पलटणींचे स्मरण आणि शिवछत्रपतींचे स्मरण एकाच दिवशी, एकाच शहरात एकत्र आणण्यामागे, पगारी शिपायाच्या मरणाला त्याच्या स्वतःच्या इतिहासात जागा मिळवून देण्याची दृष्टी होती. पुढे राजाराम महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी संस्थानची ‘राजाराम रायफल्स’ ही पलटण १९४९ मधील विलीनीकरणानंतर भारतीय सैन्यात आली आणि मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन झाली.

या सर्व पदकांत आणि स्मारकांत एक जागा मात्र रिकामी होती. शिपाई हिंदी, नाईक आणि हवालदार हिंदी, जमादार व सुभेदार हिंदी. पण पलटणीचा हुकूम देणारा अधिकारी इंग्रज, ही सैन्याची रचना होती. जमादार आणि सुभेदार यांना व्हाइसरॉयची सनद असे, आणि कितीही वर्षांची नोकरी झाली तरी त्यांचा दर्जा नव्याने आलेल्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटच्या खालचाच राही. राजाची सनद, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बरोबरीचा दर्जा, मिळवण्याचा मार्ग हिंदी तरुणांना १९१८ पासून किंचित खुला झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात त्यांच्यासाठी वर्षाला १० जागा ठेवण्यात आल्या. १९२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘आठ पलटणींच्या योजने’नुसार या अधिकाऱ्यांना ठरावीक आठ पलटणींतच नेमण्यात येऊ लागले. या प्रक्रियेला ‘भारतीयीकरण’ असे नाव होते, पण तिची आखणी अशी होती, की कोणत्याही इंग्रज अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये. हिंदी माणूस शूर असतो, हे सरकारला मान्य होते. तो लढाई चालवू शकतो का, हा प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवण्यात आला होता.

शंकरराव थोरात या अरुंद वाटेने सैन्यात आले. सँडहर्स्टचे शिक्षण पूर्ण करून त्यांना १९२६ मध्ये सनद मिळाली आणि भारतीयीकरणासाठी निवडलेल्या आठ पलटणींपैकी एक असलेल्या चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये त्यांची नेमणूक झाली. कोल्हापूरच्या मराठी तरुणाने पंजाबी मुसलमान, शीख आणि डोग्रा जवानांच्या पलटणीत आयुष्य घालवणे यात त्या सैन्याचे वैशिष्ट्य होते. अधिकाऱ्याने जवानांची भाषा शिकायची, त्यांच्या सणांत सहभागी व्हायचे आणि त्यांच्या गावाकडील खटल्यांपर्यंतची चिंता वाहायची, हा शिरस्ता होता. अशा जवळिकीतूनच हुकुमाला वजन येई. जवळजवळ दोन दशकांच्या नोकरीनंतर, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे नेतृत्व आले, आणि अनुत्तरित राहिलेल्या त्या प्रश्नाची परीक्षा घेणारी लढाई त्यांच्या वाट्याला आली.

१९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकान प्रांतात जपानी फौज दक्षिणेकडे माघार घेत होती. कलादान नदीच्या खोऱ्यातून पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन तिच्यावर दाब आणीत होत्या, आणि तिच्या माघारीचा किनारी रस्ता कांगॉ या गावाजवळून जात होता. जनरल ख्रिस्टिसन यांच्या पंधराव्या कोअरने हा रस्ता समुद्राच्या बाजूने येऊन तोडायचे ठरवले. ३ जानेवारीला आक्याब बंदर बिनविरोध हाती आले, १२ जानेवारीला म्येबोन द्वीपकल्पावर आणि २२ जानेवारीला कांगॉजवळ कमांडो ब्रिगेड उतरली. हा प्रदेश खारफुटीने झाकलेला, चिखलाचा आणि ब्रह्मी भाषेत ‘चाउंग’ म्हणतात त्या भरती-ओहोटीच्या खाड्यांनी चिरलेला होता; ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात रुतत, आणि रणगाडे व तोफा किनाऱ्यावर आणणे हेच मोठे संकट होते. भातखाचरांच्या मधून अचानक वर आलेल्या दाट झाडीच्या टेकड्या हीच तेवढी कोरडी आणि मोक्याची जागा होती, आणि त्या टेकड्या जपान्यांनी खोल खंदकांनी व लाकडी ओंडक्यांच्या छताखालील मोर्च्यांनी पक्क्या केल्या होत्या. ब्रिटिश नकाशांवर या टेकड्यांना मेलरोज, पर्थ, मिलफर्ड अशी परक्या गावांची नावे देण्यात आली होती, तर कमांडोंनी प्रथम ताब्यात घेतलेली टेकडी तिच्या उंचीवरून ‘हिल १७०’ या नावाने इतिहासात नोंदली गेली.

कमांडोंच्या मागोमाग पंचविसाव्या हिंदी डिव्हिजनची एक्कावन्नावी ब्रिगेड रणात आली. ब्रिगेड म्हणजे साधारणतः तीन बटालियनांचा लढाऊ संच. ब्रिगेडियर हटन हे तिचे प्रमुख होते, पण तिच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख हिंदी होते, आणि म्हणूनच तिला ‘ऑल इंडियन ब्रिगेड’ असे म्हटले जाई. एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनवर कूर्गचे के. एस. थिमय्या होते, दहाव्या बलुच रेजिमेंटच्या सोळाव्या बटालियनवर एल. पी. सेन होते आणि दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनवर कोल्हापूरचे थोरात होते. एवढ्या मोठ्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनांची आज्ञा हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती असणे ही त्या सैन्याच्या इतिहासातील असाधारण घटना होती. यशाचे श्रेय किंवा अपयशाचा ठपका या तिघांपुरता राहणार नव्हता; त्यांच्या मागे उभ्या असलेल्या साऱ्या हिंदी अधिकारीवर्गाच्या लायकीचा निकाल त्यातून काढला जाणार होता, याची जाणीव या तिघांना असल्याखेरीज राहिली नसेल.

जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत ब्रिगेडने कांगॉभोवतीच्या टेकड्यांवर हल्ले चढवले. मेलरोज टेकडीसाठी झालेल्या झुंजीत तोफांचा भडिमार, नौदलाच्या जहाजांवरील तोफांचा मारा आणि विमानांचे हल्ले हे सगळे होऊनही खंदकांतील जपानी जागचे हलले नाहीत, आणि शेवटी उतारावरून वर चढत, हातबॉम्ब व संगिनी वापरीत एकेक मोर्चा घ्यावा लागला. संगिनीचा हल्ला म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावलेल्या पात्याने समोरासमोर भिडणे. गोळीने लढताना शत्रू हा लांबचा आकार असतो, पण संगिनीच्या हल्ल्यात त्याचा चेहरा दिसतो. अशा वेळी पायदळाच्या पाठीशी कितीही तोफा असल्या तरी शेवटचे पन्नास-साठ पावलांचे अंतर माणसालाच पार करावे लागते, आणि ते पार करण्याचा हुकूम देणाऱ्याला आपल्या कोणत्या जवानांना परत येता येणार नाही, याचा अंदाज घेऊनच तो हुकूम द्यावा लागतो. थोरातांच्या पलटणीने मेलरोजवर ताबा मिळवला. त्यानंतर ३१ जानेवारीला जपान्यांनी हिल १७० वर निकराचा प्रतिहल्ला चढवला. त्यात लेफ्टनंट जॉर्ज नोलंड या कमांडो अधिकाऱ्याला वीरमरण आले आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चाललेल्या या लढाईने किनारी रस्ता तुटला, आणि आराकानमधील जपानी प्रतिकाराचा कणा मोडला.

या लढाईतील नेतृत्वाबद्दल थिमय्या, सेन आणि थोरात या तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान देण्यात आला. ६ सप्टेंबर १८८६ रोजी व्हिक्टोरिया राणीने स्थापन केलेला हा सन्मान केवळ सनदी अधिकाऱ्यांसाठी होता, आणि तो प्रामुख्याने मेजर व त्यावरील हुद्द्याच्या अधिकाऱ्याला, युद्धातील विशेष कामगिरीबद्दल दिला जाई. त्याचे स्वरूप पाहिले असता पांढऱ्या मीनाकामाचा, सोनेरी कडांचा क्रूस दिसतो. मध्यभागी हिरव्या पानांच्या वेटोळ्यात तांबड्या पार्श्वभूमीवर सोनेरी मुकुट असतो, पाठीवर राजाच्या नावाची आद्याक्षरे असतात, आणि निळ्या कडांच्या तांबड्या फितीवर तो लटकवलेला असतो. पदक देताना त्यावर ते मिळवणाऱ्याचे नाव कोरण्याची प्रथा नव्हती. १९३८ पासून फितीखालच्या पट्टीच्या मागील बाजूस केवळ देण्याचे वर्ष कोरले जाई. म्हणजे साम्राज्याच्या मुकुटाचे चिन्ह समोर आणि वर्षाचा आकडा मागे, एवढाच मजकूर त्या धातूवर असे. कोणत्या टेकडीवर, कोणाच्या जवानांनी, कोणाच्या हुकमावरून काय केले, हे पदक स्वतः सांगत नसे.

या पदकाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या मजकुराबाहेर आहे. १८३७ च्या पदकाने हिंदी शिपायाचे शौर्य मान्य केले, १९११ च्या निर्णयाने ते शौर्य ब्रिटिश शिपायाच्या शौर्याच्या तोडीचे असल्याचे मान्य केले, आणि कांगॉच्या तीन पदकांनी हिंदी अधिकाऱ्याची रणांगणावरील आज्ञा मान्य केली. आठ पलटणींच्या योजनेने दोन दशके टाळलेला प्रश्न खारफुटीच्या चिखलात सुटला. त्यानंतर अडीच वर्षांनी देश स्वतंत्र झाला, फाळणीत रेजिमेंटांची वाटणी झाली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या जागी नवे नेतृत्व नेमण्याची वेळ आली, तेव्हा ही परीक्षा आधीच उत्तीर्ण झालेली माणसे उपलब्ध होती. सेन यांनी १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये श्रीनगरच्या बचावात ब्रिगेडचे नेतृत्व केले, थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले, आणि थोरातांच्या पलटणीला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’मध्ये पहिल्या बटालियनचे स्थान मिळाले. कांगॉच्या टेकडीवरील जवानांत पंजाबी मुसलमान, शीख आणि डोग्रा एका रांगेत होते. पण अडीच वर्षांतच त्या रांगेच्या मधून सरहद्द गेली, आणि त्यांच्या एकत्रित पराक्रमाचे वारसदार दोन देशांत विभागले गेले, हीही या पदकाच्या इतिहासाचीच एक दुःखद बाजू आहे.

स्वतंत्र भारताने शौर्यपदकांची रचना नव्याने केली. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र यांची घोषणा झाली, आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. या पदकांत शिपाई आणि अधिकारी असा भेद ठेवण्यात आला नाही, हा जुन्या व्यवस्थेपासूनचा मूलभूत फरक होता. ४ जानेवारी १९५२ रोजी अशोक चक्र हा तीन वर्गांचा सन्मान सुरू झाला, ज्याचा हेतू शत्रूसमोरील लढाईखेरीज अन्य प्रसंगी दाखवलेल्या शौर्याची दखल घेणे हा होता. १९६७ मध्ये त्याच्या दुसऱ्या वर्गाला कीर्ती चक्र आणि तिसऱ्या वर्गाला शौर्य चक्र अशी नावे मिळाली. सम्राट अशोकाचे चक्र, म्हणजे युद्धानंतर शस्त्र खाली ठेवणाऱ्या राजाचे चिन्ह, शौर्यपदकावर आणण्याची ही कल्पना अर्थपूर्ण होती, आणि थोरातांचे दुसरे पदक तिच्याशी नेमके जुळते.

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न शिल्लक होता. त्यांची इच्छा तपासण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा प्रत्यावर्तन आयोग, म्हणजे कैद्यांना मायदेशी परत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा आयोग, नेमण्यात आला. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले, आणि कैद्यांचा ताबा घेण्यासाठी पाच ते सहा हजार भारतीय सैनिकांचे ‘कस्टोडियन फोर्स’ हे दल थोरातांच्या नेतृत्वाखाली पाठवण्यात आले. कांगॉचे दोन सहकारी अशा रीतीने पुन्हा एकत्र आले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे इंचॉन बंदरातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने या दलाला निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले, आणि तेथे उभ्या केलेल्या छावणीला ‘हिंदनगर’ हे नाव देण्यात आले. उत्तर कोरियाचे व चीनचे २२,६०४ आणि दुसऱ्या बाजूचे ३५९ कैदी काटेरी तारांच्या वाड्यांत ठेवलेले होते. दोन्ही बाजूंच्या राजकारणाने पेटलेल्या या कैद्यांत मारामाऱ्या, निदर्शने आणि पहारेकऱ्यांवर हल्ले ही रोजची बाब होती.

ताबा मिळाल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतच चिनी कैद्यांच्या एका वाड्यात भारतीय अधिकाऱ्याला ओढून नेऊन ओलीस धरण्यात आले. तारांबाहेर बंदुका रोखलेल्या होत्या, आणि गोळीबार झाला असता ओलिसाचा जीव, अनेक कैद्यांचे जीव आणि भारताच्या तटस्थतेवरील विश्वास हे तिन्ही एकाच क्षणी गेले असते. थोरात स्वतः त्या वाड्यात शिरले, संतप्त जमावाशी शांतपणे बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. पुढील काळात काही प्रसंगी गोळीबाराचा निर्णय घ्यावा लागला आणि त्यात कैदी मृत्युमुखीही पडले. त्यामुळे या कामगिरीला निव्वळ अहिंसेची कथा म्हणता येणार नाही. तरीही २२ हजारांहून अधिक प्रक्षुब्ध माणसांना चार महिने सांभाळताना शस्त्राचा वापर हा शेवटचा उपाय म्हणूनच राहिला, याचे श्रेय दलाच्या शिस्तीला आणि त्याच्या प्रमुखाला जाते. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोक चक्राचा दुसरा वर्ग देण्यात आला. कांगॉमध्ये जवानांना पुढे ढकलणारे धैर्य लागले होते, तर हिंदनगरमध्ये त्यांची बोटे बंदुकीच्या घोड्यावरून आवरून धरणारे धैर्य लागले. आणि ते प्रथम स्वतः धोक्यात शिरूनच मिळवावे लागते, हा धागा दोन्ही प्रसंगांत समान आहे.

थोरातांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग पदकांच्या चौकटीत बसत नाही, पण त्यांच्या शौर्याच्या कल्पनेवर प्रकाश टाकतो. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते, आणि ईशान्य सीमेवर चीनकडून हल्ला झाल्यास उपलब्ध बळ अपुरे पडेल, हे त्यांनी १९५९ मध्ये लेखी मांडले. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाने घेतलेल्या सरावात, म्हणजे नकाशावर संभाव्य युद्ध टप्प्याटप्प्याने मांडून पाहण्याच्या अभ्यासात, त्यांनी हाच निष्कर्ष वरिष्ठांसमोर ठेवला. तो राजकीय नेतृत्वाला मानवला नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या निष्कर्षाची सत्यता देशाने पराभवाच्या रूपाने अनुभवली. त्यानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थोरातांना घेण्यात आले. अप्रिय सत्य वेळेवर आणि लेखी सांगण्याच्या धैर्यासाठी कोणत्याही राज्याने पदक काढलेले नाही, पण सैन्याच्या इतिहासात त्याची गरज संगिनीच्या हल्ल्याइतकीच वारंवार पडते.

निवृत्तीनंतर थोरात कोल्हापुरात राहिले, आणि १० ऑगस्ट १९९२ रोजी, वयाची ८६ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जिल्ह्यातून आजही मोठ्या संख्येने तरुण सैन्यात जातात. शिरोळ तालुक्यातील टाकळी हे गाव तर ‘सैनिक टाकळी’ याच नावाने ओळखले जाते, आणि कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. या तरुणांना आज कोणताही हुद्दा आणि कोणतेही शौर्यपदक जन्माच्या किंवा वंशाच्या कारणावरून नाकारले जात नाही, आणि ही स्थिती आपोआप आलेली नाही. ती येण्याच्या वाटेवर कांगॉची टेकडी आहे.

बीडच्या वीरगळावर नाव नाही, आणि १९४५ च्या त्या पांढऱ्या क्रूसावरही नाव कोरलेले नसते. दगडावरील वीराच्या बाजूला त्याचे साथीदार कोरलेले असतात. पदकावर तीही सोय नसते, आणि म्हणून मेलरोजच्या उतारावर चढलेल्या शीख, डोग्रा व पंजाबी मुसलमान जवानांची आठवण पदकाबाहेर, लेखणीने ठेवावी लागते. गाव वीरगळाला शेंदूर लावते, कारण दगड बोलत नाही आणि त्याच्या वतीने कोणीतरी बोलत राहावे लागते. पदकाच्या बाबतीत ते काम इतिहासाने करायचे असते, आणि कोल्हापूरच्या या सेनानीच्या दोन पदकांबाबत ते काम करताना एका माणसाच्या धैर्याबरोबर त्याच्या जवानांचे ऋणही नोंदवणे हेच त्या सन्मानाला साजेसे आहे.